आजचा बोध

२२ मे

आज संत रिटा. फळ्यावर लिहिलं: नवरा मारकुटा, मुलं सूडाने पेटलेली, तरी हिने सगळ्यांसाठी प्रार्थना केली, विधवा झाल्यावर मठात गेली, अशक्य वाटणाऱ्या गोष्टींसाठी लोक आजही तिला साकडं घालतात. त्याखाली नेहमीप्रमाणे ‘आजचा बोध’: लग्न ही परीक्षा आहे. जिला त्या वर्गाबाहेर राहता येतं, तिने आत डोकावू नये.

बोध मी कुणाला उद्देशून लिहीत नाही. चर्चच्या फाटकाशी हा फळा मी एकोणीस वर्षं लिहिते आहे. त्या-त्या दिवसाचे संत, त्यांनी चर्चसाठी काय केलं ते चार ओळींत, आणि बोध. लोक विचारतात, “बाई, आजचा बोध माझ्यावरच होता ना?” चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! फळ्यावर पत्र्याचं छप्पर आहे, तेही मीच तीन फादरांशी भांडून बसवून घेतलं. नाहीतर पहिल्याच सरीत संत वाहून जायचे.

संध्याकाळी धाकटी भांडी घासत होती. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “ताई, घड्याळजींनी मला विचारलंय.”

“काय? किती वाजले?”

“लग्नाचं.”

“कुणाच्या?”

मला खरंच हसू आलं म्हणून हसले. धाकटी एकोणपन्नास वर्षांची आहे. घड्याळजी दर शनिवारी चर्चच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला किल्ली द्यायला येतो, विधुर आहे, बोलताना मान खाली घालतो. जशी देवी तसा पुजारी म्हणायचं. पण मी तसं काही बोलले नाही. एवढंच विचारलं, “आणि नवस?”

तिने हातातली बशी सावकाश ठेवली.

२६ मे

संत फिलिप नेरी. विनोदी संत. असे संत लोकांना फार आवडतात, फळ्यापुढे हसत उभे राहतात. मी बोध जरा कडक लिहिला.

धाकटी मला न सांगता फादरांकडे जाऊन आली. मला शेजारच्या शिंपीणबाईंकडून कळलं. त्यांना मी मनातल्या मनात बिनतारी म्हणते. नवसातून सुटका मिळते का, असं तिने विचारलं. फादर म्हणाले, विचार करून लेखी कळवतो.

नवस असा. आई गेली त्या वर्षी मला विषमज्वर झाला. मी चोवीस वर्षांची, धाकटी बारा. ती चर्चच्या वेदीपुढे गुडघे टेकून म्हणाली, “ताई वाचली तर मी लग्न करणार नाही, ताईला सोडून जाणार नाही.” मी वाचले. देवाने आपली बाजू पाळली. सदतीस वर्षांनी आता हिला घड्याळ दिसू लागलं.

घड्याळजीच्या मुलाने त्याला आपल्या गावी बोलावलंय. दुकान सव्वीस जुलैला रिकामं करायचंय. त्या दिवशी तो जाणार, हिच्यासह नाहीतर एकटा. सव्वीस जुलै म्हणजे योआकीम आणि अन्ना, पवित्र मरियेचे आईवडील, जोडप्याचा सण. मुद्दाम निवडला म्हणावं तर त्याला कुठलं एवढं ज्ञान!

४ जून

कात्री हरवली. धाकटी नेहमीप्रमाणे संत अंतोनींकडे धावली. आईचा संतचरित्रांचा जाडजूड ग्रंथ आहे, दिवसाला एक पान. तेरा जूनचं अंतोनींचं पान तिच्या बोटांनी काळं पडलंय. आई वस्तू हरवली की ते पान उघडून प्रार्थना म्हणायची, हीसुद्धा म्हणते. मग कात्री सापडते, कारण ती घरातच असते. मी तिला कितीदा सांगितलं, अंतोनी हे चर्चचे धर्मपंडित, त्यांच्या प्रवचनाला मैदानं अपुरी पडायची, कात्र्या शोधणं हे काही त्यांचं योगदान नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

हरवायला आमच्याकडे जागाच नाही. घरात आलेला प्रत्येक कागद मी त्या दिवशीच्या संताच्या पानात ठेवते. नवा कागद, त्या तारखेचं पान, बस. दाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी नऊ फेब्रुवारीला, संत अपोलोनियाच्या पानात आहे, आणि ती दातदुखीचीच संत. असे योगायोग देव शिस्तीच्या माणसांनाच दाखवतो. धाकटी मात्र त्या कागदांना हात लावत नाही. लहानपणी एकदा लावला होता, तेव्हापासून लावत नाही.

१३ जून

फादरांची बदली झाली. सकाळी बॅग घेऊनच दारात उभे. धाकटी बाजारात गेली होती. मला पाकीट देऊन म्हणाले, “हे धाकट्या बहिणीच्या हातात द्या, बाई. तिला म्हणावं, उगाच ओझं वाहू नकोस.” मान हलवत, हसत गेले. नवे फादर उद्या येतील.

पाकीट चिकटवलेलं नव्हतं. चिकटवलेलं असतं तर मी उघडलं नसतं.

लिहिलंय: ‘बारा वर्षांच्या मुलीने भीतीपोटी आणि दुसऱ्याने शिकवलेल्या शब्दांत केलेला नवस देव धरून बसत नाही. तरीही तुझ्या मनाला शंका राहू नये म्हणून मी तुला या नवसातून मुक्त करतो. आनंदाने लग्न कर.’ खाली सही, चर्चचा शिक्का, आजची तारीख.

‘दुसऱ्याने शिकवलेल्या’ हे त्यांना कुणी सांगितलं? म्हणजे धाकटी तिथे जाऊन माझ्याबद्दल बोलली. मी तिला वाढवलं, शिकवलं, तिच्या केसांतल्या उवा काढल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पत्र मी देणार आहे. पण अशी गोष्ट घाईने हातात ठेवायची नसते. सध्या आजच्या पानात ठेवलं.

ती आली. “फादर येऊन गेले?”

“निरोप घ्यायला.”

“माझं काही म्हणाले?”

“मान हलवली त्यांनी.”

यात एक अक्षर खोटं नाही. त्यांनी मान हलवलीच होती.

२१ जून

संत अलोशियस. नवव्या वर्षी ब्रह्मचर्याची शपथ घेतली, राजघराण्यातला वारसा सोडला, साथीतल्या रोग्यांची सेवा करता करता तेविसाव्या वर्षी गेले. बोध: नऊ वर्षांच्या मुलाला जे पेललं, ते मोठ्यांना का पेलू नये?

धाकटी चर्चमधल्या मिस्साहून येताना फळ्यापुढे बराच वेळ उभी होती, असं बिनतारी म्हणाल्या. “बाई, तुम्ही लेकी बोले सुने लागे करता हं.” मी म्हटलं, “मला ना लेक ना सून.”

२९ जून

पेत्र आणि पौल. मोठा सण. फळा दोन रंगांच्या खडूंनी लिहिला. जेवताना धाकटी हळूच म्हणाली, “ताई, पेत्राला सासू होती ना? प्रभूने तिचा ताप उतरवला.”

“मग?”

“म्हणजे बायको होती.”

“ताप सासूचा उतरवला. बायकोचं पुढे काही आलेलं नाही,” मी म्हटलं.

उत्तर चोख होतं. तिने ताट उचललं तेव्हा त्यात अर्धं जेवण तसंच होतं. टाकून माजायचे दिवस आलेत.

३ जुलै

संत थोमा, शंकेखोर. धाकटीलाही आज शंका. “फादरांनी लेखी कळवतो म्हटलं होतं. पत्र डाकेत गहाळ झालं असेल का?” मग तिनेच त्यांना पत्र लिहिलं, दीड पान, आणि पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, कारण मी फळ्याकडे जाते तेव्हा टपालपेटी वाटेतच लागते. नवे फादर तरुण आहेत, त्यांच्यापुढे तिला लाज वाटते. वाटायलाच हवी.

तिचं पत्र आजच्या पानात ठेवलं. नियम म्हणजे नियम.

पत्रात मला दोष दिलेला नाही. उलट ‘ताईने माझ्यासाठी फार केलं’ असंच आहे. वाचून बरं वाटलं. पण अक्षर किती वाईट! वेलांट्या सगळ्या आडव्या पडलेल्या.

८ जुलै

तो आला होता. दारातच उभा राहिला. मी आतल्या खोलीत पुस्तक धरून बसले होते, पान उलटलं नाही, कारण मग ऐकू येत नाही.

धाकटी म्हणाली, “उत्तर आलं नाही. आता येणारही नाही.”

“आपण नव्या फादरांना विचारू.”

“नको. एकदा मान हलवली त्यांनी.”

“सव्वीसपर्यंत मी इथेच आहे. दुकानाच्या दारावर नवा पत्ता चिकटवून जाईन. तो कागद कुणी काढला नाही तर राहील.”

“तुम्ही नका थांबू माझ्यासाठी.”

“थांबायची सवय आहे मला. बंद घड्याळंच हातात येतात.”

एवढंच बोलून तो गेला. मला वाटलं धाकटी रडेल, मी समजावणीचे दोन शब्दही तयार ठेवले होते. तिने चादरी धुवायला काढल्या. सगळ्या. कपाटातल्या धुतलेल्यासुद्धा.

१५ जुलै

पलंगावर पडून लिहिते आहे, अक्षराबद्दल क्षमस्व. संत बोनाव्हेंचर लिहिताना फळ्यापुढचं स्टूल कललं आणि घोटा मोडला. प्लास्टर, सहा आठवडे. धाकटीने मला जवळजवळ उचलूनच घरी आणलं. तिच्यात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

फळा अर्धा राहिला होता, तो तिने पुरा केला. मी सांगितलं होतं तेवढंच लिही म्हणून. बोनाव्हेंचर म्हणजे केवढे विद्वान, आणि हिने काय लिहिलं, तर त्यांना कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा अधिकारी, केल्याची टोपी घेऊन लोक आले तेव्हा ते भांडी घासत होते, म्हणाले, टोपी झाडाला अडकवा, हातातलं काम आटोपतो. आणि बोध म्हणे: ओल्या हातांना मोठेपणाची घाई नसते.

बिनतारी सांगत होत्या, लोक थांबून थांबून वाचत होते. एकीने वहीत उतरवून घेतलं. एकोणीस वर्षांत माझं कुणी उतरवून घेतलं नाही.

उद्यापासून मी सांगेन आणि ती कागदावर उतरवून नेईल. स्वतःची एक ओळ घालायची नाही, असं बजावलं. “हो ताई,” म्हणाली.

२६ जुलै

योआकीम आणि अन्ना. तो गेला.

खिडकीतून दिसला. एक पेटी, बगलेत गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ. आमच्या दारासमोर पावलं जरा मंदावली. धाकटी तेव्हा माझ्या पायाखाली उशी सरकवत होती. तिने खिडकीकडे पाहिलं नाही आणि उशी तीनदा झटकली.

मला आनंद झाला. इथे खोटं लिहून उपयोग नाही. त्याच्यानंतर थोडी भीतीही वाटली, ती कशाची ते कळलं नाही. नवसाचे शब्द तिला मीच सांगितले होते. तापातसुद्धा माझी भाषा शुद्ध होती. ‘लग्न करणार नाही’ एवढंच ती म्हणणार होती. ‘ताईला सोडून जाणार नाही’ हे मी घालायला लावलं, कारण अर्धवट नवस देवाला चालत नाही. ती फार रडत होती. मी मेले असते तर हिचं कुणी नव्हतं. हिच्या भल्यासाठीच.

२७ जुलै

धाकटीकडून ग्रंथ मागवून घेतला, पलंगावर उशी लावून बसले. उद्या-परवाचे संत काढले. मग सहज तेरा जूनचं पान उघडलं. पत्र होतं तिथेच. पुन्हा वाचलं. ‘आनंदाने लग्न कर.’ आता द्यायला हरकत नाही, तो गेला आहे, असं एकदा मनात आलं. पण मग ती विचारेल, आधी का नाही दिलं. राहू दे.

दुखण्याच्या गोळीने डोळा लागला. जाग आली तेव्हा तिने ग्रंथ उचलून शेजारच्या खोलीत कपाटावर ठेवला होता.

२८ जुलै

सकाळपासून चष्मा सापडेना. उशीखाली नाही, चादरीत नाही, टेबलावर नाही. मी धाकटीला चांगलंच झापलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी तुझी तऱ्हा, एक काम धड नाही. ती म्हणाली, “थांब ताई, अंतोनीला विचारते.” मी म्हटलं, विचार बाई, तुझ्या धर्मपंडिताला.

शेजारच्या खोलीत गेली ती बराच वेळ आली नाही. मी तीनदा हाक मारली. मग चष्मा घेऊन आली, काचा स्वच्छ पुसलेल्या.

“कुठे होता?”

“अंतोनीपाशीच.”

म्हणजे कपाटावरच्या त्यांच्या मूर्तीपाशी. तिथे मी कधी ठेवला कुणास ठाऊक. वयाचा परिणाम.

आज तिच्यात फार फरक पडला आहे. दुपारी माझे केस धुऊन विंचरले, नखं कापली, चादर बदलली. नवस अंगी लागायला सदतीस वर्षं लागली, पण लागला. संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन समोर बसली. “ताई, उद्याचा मजकूर सांग.”

उद्या मार्था, मरिया आणि लाझरस, भावंडांचा सण. पूर्वी एकट्या मार्थाचा होता, अलीकडे चर्चने तिघांना एकत्र केलं. मी सांगितलं: मार्थाने घर चालवलं, प्रभूला जेवू घातलं, मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली, मार्थाने कुरकूर केली तेव्हा प्रभूने तिला समज दिली. बोध: मरियेने उत्तम वाटा निवडला आहे, तो तिच्यापासून कुणीही काढून घेणार नाही.

तिने शब्दन् शब्द उतरवला. दोनदा वाचून दाखवला. “काढून घेणार नाही, असंच ना?” 

“असंच. वेलांटी नीट काढ.”

“हो ताई.”

२९ जुलै

सहाला फळा लिहायला गेली. आता दुपारचे दोन वाजून गेले. पलंगाशी तांब्याभर पाणी, थर्मासमध्ये सूप, गोळ्या, पाव, भांडं, सगळं हाताशी ठेवून गेलीय. एवढं कशाला ठेवलं? तासाभराचं तर काम.

रस्त्याने जाणारे लोक वर खिडकीकडे बघतात. दोघीतिघी तर थांबूनच बघत होत्या. मी हात केला. त्यांनी केला नाही. मार्थाचा मजकूर लोकांना लागलेला दिसतो.

संध्याकाळ. आली नाही. ग्रंथ समोरच्या टेबलावर आहे, हात पोचत नाही. शनिवार असून मनोऱ्याच्या घड्याळाला आज कुणी किल्ली दिली नाही. मी हाका मारल्या. शिंपीणबाईंचं यंत्र भिंतीपलीकडे चालू होतं, हाक मारली की थांबायचं, मग पुन्हा सुरू व्हायचं.

३० जुलै, रविवार

मिस्सा सुटल्यावर बिनतारी आल्या. आत आल्या, पण बसल्या नाहीत.

“धाकटी कुठाय?” मी विचारलं.

“काल सकाळच्या गाडीने गेली. घड्याळजींच्या दारावरचा पत्त्याचा कागदही नाहीये.”

“मला न सांगता?”

“फळ्यावर सांगितलंय की.”

“फळ्यावर मी सांगितलेला मजकूर आहे.”

“आहे ना. शब्दन् शब्द. वेलांट्यासुद्धा छान काढल्यात. ‘कुणीही काढून घेणार नाही.’ आणि त्याच्या खाली जुन्या फादरांचं पत्र टाचलंय, तेरा जूनचं. त्याच्या शेजारी तिचं स्वतःचं, तीन जुलैचं, ‘ताईने माझ्यासाठी फार केलं’ ते. दुसरं काही लिहिलेलं नाही. लोक तारखाच वाचतात. आज तर रांग लागली होती, बाई.”

“मग कुणी पुसलं का नाही ते?”

“मी निघाले होते फडकं घेऊन, खोटं कशाला बोलू. नवे फादर दारातच होते. म्हणाले, ‘राहू द्या. फळा बाईंचा आहे. बाईच येऊन पुसतील.’”

मी त्यांना ग्रंथ हातात द्यायला सांगितलं. दिला आणि गेल्या. उद्या येईन असं म्हणाल्या नाहीत, मीही ‘या’ म्हटलं नाही.

तेरा जूनचं पान रिकामं. तीन जुलैचं रिकामं. एकोणतीस जुलैच्या पानात कागदाची चिठ्ठी आहे, माझ्या नियमाप्रमाणे, ज्या दिवशी आली त्या दिवशीच्या संताकडे.

‘ताई, चष्मा तेरा जूनच्या पानात होता. गोळी जेवल्यावर घे.’

३१ जुलै

आज संत इग्नाती. त्यांचाही पाय मोडला होता, अंथरुणावर पडून संतचरित्रं वाचता वाचता त्यांचं आयुष्य बदललं, मोठा संघ उभारला. चार ओळी मनात तयार आहेत, न्यायला कुणी नाही. शिंपीणबाईंनी दारात जेवणाचं भांडं ठेवलं, हाक न मारता. सरपटत जाऊन घेतलं.

मला तिचा राग येतो. आणि ती येऊन उशी झटकेल असं दर थोड्या वेळाने वाटतं. 

दुपारपासून पाऊस लागलाय. प्लास्टर निघायला अजून चार आठवडे आहेत, आणि फळ्यावरचं छप्पर पक्कं आहे, एक थेंब आत जात नाही. मी स्वतः उभी राहून बसवून घेतलंय.